पेट्रोल पंपावर वाद का होतात आणि ते कसे टाळायचे: गाडी वळवण्यापासून तक्रारीपर्यंत, क्रमानं

निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर, कुठल्याही पंपावर संध्याकाळी थोडा वेळ उभं राहा, एक तरी बाचाबाची ऐकायला मिळतेच. "झीरो कुठं दाखवलासा?" "तुम्ही दोनशेच म्हणाला की." "माझे पैसे गेलेत, तुमचा बॉक्स बोलत नाही त्याला मी काय करू?" ऐकणाऱ्याला वाटतं, माणसं उर्मट झालीत. नीट बघितलं तर बऱ्याच भांडणांत दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि क्रम तेवढा चुकलेला असतो. नोझल टाकीत गेल्यावर रक्कम सांगितलेली असते, निम्मं भरून झाल्यावर मीटरवरचा झीरो आठवतो, आणि फोनला नेटवर्क नाही हे पैसे द्यायच्या वेळी कळतं.

त्यामुळे इथं गोड बोलायचा उपदेश नाही. कोणत्या क्षणी काय बोलायचं, काय बघायचं आणि कशाचा हट्ट धरायचा नाही, एवढंच आहे. लेख मुख्यतः ग्राहकासाठी आहे. पंपावर काम करणाऱ्यांसाठी जिथं सांगण्यासारखं आहे तिथं तेही सांगितलंय.

आपल्या बेळगाव सीमाभागात गुंता थोडा जास्त असतो. एकाच पंपावर मराठी, कन्नड, हिंदी आणि उर्दू बोलणारी माणसं असतात. शिवाय करांच्या फरकामुळं कर्नाटकातला दर महाराष्ट्रापेक्षा सहसा कमी असतो, म्हणून कागल, गडहिंग्लज, चंदगडकडच्या गाड्या हद्द ओलांडल्यावरच टाकी भरतात. हद्दीजवळच्या पंपावर रांग लांब आणि माणसं अनोळखी, त्यामुळं ही सगळी काळजी तिथं दुपटीनं घ्यावी लागते.

टप्पा १: गाडी पंपात वळवण्याआधी

चार गोष्टी रस्त्यावर असतानाच ठरवा. छपराखाली पोचल्यावर विचार करायला वेळ नसतो.

पैसे कसे देणार? रोख असतील तर नोट वरच्या खिशात आणून ठेवा. पावसाळ्यात हे फार नडतं. रेनकोटाची चेन, आतलं जर्किन, त्याच्या आत पाकीट, पाकिटात प्लॅस्टिकची पिशवी, आणि मागं आठ गाड्या भिजत उभ्या. मोबाइलवरून देणार असाल तर डेटा चालू आहे का, बॅटरी किती आहे, ते बघा. जांबोटी-कणकुंबीकडं, चोर्ला घाटाच्या तोंडाला नेटवर्क येत-जात असतं. तिकडं जाताना खिशात रोकड हवीच.

किती भरायचं? सरळ आकडा ठरवा. शंभरऐवजी एकशे दहा, पाचशेऐवजी पाचशे पाच सांगितलं की मशीनचं 'सेटिंग' चुकवता येतं, असा समज घराघरात आहे. मीटर लिटर मोजतं आणि रुपये त्यावरून काढतं. आकडा तिरका केल्यानं माप बदलत नाही. चिल्लरीचा घोळ मात्र हमखास होतो. तुम्ही दोनशे दहाचं भरून पाचशेची नोट दिलीत, तर समोरच्यानं नव्वदची मोड कुठून आणायची?

टाकी कुठल्या बाजूला आहे? दुसऱ्याची कार आणली असेल तर इंधनाच्या काट्याजवळ बघा. बहुतेक गाड्यांत तिथं छोटा बाण असतो आणि तो टाकीची बाजू दाखवतो.

इंधन कोणतं? स्वतःच्या गाडीला हा प्रश्न पडत नाही, पाहुण्याच्या किंवा भाड्याच्या गाडीला पडतो. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं.

सावध: पेप्सीच्या बाटलीत पेट्रोल मागू नका. प्लॅस्टिकच्या बाटलीत सुटं पेट्रोल देऊ नये असा नियम आहे, आणि दिलं तर जबाब पंपावरच्या पोरालाच द्यावा लागतो. "गाडी तिकडं बंद पडलीय की हो" हे खरं असलं तरी त्याला गळ घालण्यात अर्थ नाही. मॅनेजरशी बोला, तो सांगेल ती पद्धत पाळा.

वेळेचंही थोडं भान ठेवा. जून २०१७ पासून दर रोज सकाळी ६ वाजता बदलू शकतो, त्यामुळं कालचा भाव आठवून "वाढवलासा काय" म्हणत कामगारावर चिडणं फुकट आहे. पाळी बदलताना मीटरचे आकडे लिहून घेतात, तेवढा वेळ ते मशीन थांबतं. टँकर खाली होत असला तरी थांबावं लागतं. यात कामचुकारपणा नसतो. पंपवाल्यांनी मात्र अशा वेळी नुसती पाठ फिरवू नये. "पाळी बदलतोय, पाच मिनिटं लागतील, घाई असेल तर पलीकडच्या मशीनला जावा" असं सांगितलं की निम्मी कुरकुर तिथंच मिटते.

टप्पा २: रांग

दुचाकीवाल्यांची सवय अशी की समोर दोन हातांची फट दिसली की चाक घालायचं. "मला शंभरचंच टाकायचंय" हे रांग मोडायचं कारण होत नाही. शंभरच्या गिऱ्हाइकालाही झीरो, नोझल, पैसे, मोड हे सगळं लागतंच. कोण आधी आलं हे कामगारानं ठरवावं आणि हातानं, शब्दानं स्पष्ट सांगावं: "आधी हे काका, मग तुम्ही." त्यानं नजर चुकवली की दोन गाड्या एकदम पुढं येतात आणि वादाला तोंड फुटतं.

उसाच्या हंगामात अथणी, चिक्कोडी, रायबाग, संकेश्वरकडं एक वेगळी गोष्ट सांभाळावी लागते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं घेणं फार जिकिरीचं असतं. त्याच्या पुढ्यात स्कूटर लावून "जरा मागं घ्या की" म्हटलं तर तो घेणार कसा? ट्रॅक्टर पंपात शिरताना दिसला तर त्याला वळण पूर्ण करू द्या, मग आपली गाडी लावा.

मशीनजवळ आलात की इंजिन बंद, स्टँड लावा, खाली उतरा. मागं बसलेल्यालाही उतरवा आणि पुढं टाकीवर लहान मूल असेल तर त्याला आधी. सीएनजी भरताना गाडीतली सगळी माणसं उतरतात, आजीसुद्धा. तिथं "म्हाताऱ्या माणसाला कशाला उठवताय" हा वाद घालू नका.

तपासा: इंजिन बंद, झाकण उघडं, किल्ली हातात, फोन खिशात, बिडी-सिगारेट विझलेली.

टप्पा ३: हाक आणि रक्कम

सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

आधी हाक. "ए", "ओय", शिट्टी, हॉर्न, टाकीवर किल्लीची टकटक, हे सगळं बंद. पोरगा तरुण असेल तर दादा किंवा अण्णा, बाई असेल तर ताई किंवा अक्का, वयस्क असेल तर मामा, काका. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्यांना हे शब्द कळतात. आपण मराठी माणसं वयानं लहान दिसणाऱ्याला सहज अरे-तुरे करतो, "पाचशेचं भर रे" म्हणून मोकळे होतो. घरात ते खपतं. पंपावर समोरचा तुम्हाला पहिल्यांदा भेटतोय आणि तो तुम्हाला 'तुम्ही' म्हणतोय, तर तुम्हीही तेच म्हणा. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडात तर क्रियापदाच्या शेवटी 'री' लावल्याशिवाय अनोळखी माणसाशी बोलतच नाहीत. तुमचं 'भर' त्याच्या कानाला आणखीच टोचतं. कामगारानंही गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून साहेब आणि तू ठरवू नये. धोतरातल्या म्हाताऱ्याला "बोल किती" आणि कारवाल्याला "सांगा सर" हे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं.

मग रक्कम. नोझल हुकावर असतानाच, तीन गोष्टी एका दमात: इंधन, रक्कम, पैसे कसे देणार. "दादा, पेट्रोल, पाचशेचं, फोनपेवर देतो." एवढंच. समोरच्यानं रक्कम परत म्हणावी, "पाचशे?", आणि तुम्ही "हो, पाचशे" म्हणावं. हे दोन सेकंदाचं काम न केल्यामुळं किती भांडणं होतात याला सुमार नाही.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर. समोरचा कन्नडभाषक असेल तर दीडशे, अडीचशे, साडेतीनशे, सव्वादोनशे हे आकडे टाळा. त्याला शंभर, दोनशे, पाचशे रोज ऐकून कळतात. 'अडीच' कळेलच असं नाही. एकशे पन्नास, दोनशे पन्नास असं फोडून सांगा. तुम्हाला कन्नडात सांगायचं असेल तर नूर म्हणजे शंभर, इन्नूर दोनशे, मुन्नूर तीनशे, नानूर चारशे, ऐनूर पाचशे, साविर हजार. ट्रकच्या आवाजात इन्नूर आणि मुन्नूर सारखेच ऐकू येतात, म्हणून बोटंही दाखवा. "अण्णा, ऐनूर रूपाय पेट्रोल हाकरी" एवढं वाक्य पाठ असलं तरी काम भागतं. तिकडून "स्वल्प मुंद बर्री" आलं तर गाडी थोडी पुढं घ्या. "चिल्लर इल्री" आलं तर सुट्टे नाहीत.

सावध: कुठल्या भाषेत बोलायचं यावर पंपावर वाद घालायचा नाही, दोन्ही बाजूंनी. ज्याला जे येतं त्यात तो बोलेल. कळलं नाही तर आकडा मशीनवर दिसतोच. समोरचा मोडकंतोडकं मराठी बोलला तर हसू नका, तुमचं कन्नड ऐकून तो हसला तर मनाला लावून घेऊ नका.

फुल टाकी सांगताना अंदाज विचारायला हरकत नाही. खिशात सातशे आणि बिल नऊशे, असं होऊ नये. "फुल करा, पण सातशेच्या वर नको" हे आधी सांगितलं तर कोणाचीच अडचण होत नाही.

टप्पा ४: झीरो

"झीरो बघा" किंवा "झीरो नोडरी" हे कामगारानं नोझल दाबायच्या आधी म्हणायचं, आणि ग्राहकानं मान वर करून खरंच बघायचं. आपल्याकडं हे मंत्र म्हटल्यासारखं झालंय: तो मशीनकडं न बघता म्हणतो, हा पाकिटात बघत "हं" करतो.

रुपयांचा आणि लिटरचा, दोन्ही आकडे शून्य हवेत. तिसरा आकडा दराचा. तो तुमच्या इंधनाचा आहे ना, तेही त्याच नजरेत दिसतं. बघितलं की तोंडानं म्हणा, "बघितलं, टाका." त्यामुळं त्यालाही खात्री होते आणि नंतर "दाखवलं नाही" म्हणायची सोय तुम्हालाही राहत नाही.

झीरो मागणं हा अपमान नाही. काही जण संकोचतात, "त्याला वाटेल मी संशय घेतोय." त्याला रोज शेकडो लोक हेच विचारतात. आवाजात खेकसणी नसली की झालं: "दादा, जरा झीरो दाखवा की."

आता मधेच थांबण्याचा प्रकार. तुम्ही पाचशे सांगितलं, त्यानं शंभरवर थांबवलं. कधी खरंच ऐकण्यात चूक असते, कधी मुद्दाम असतं. तुम्हाला ठरवायची गरज नाही. हिशोब मात्र पक्का ठेवा. इथून दोनच रस्ते आहेत. एक, मीटर शंभरवरूनच पुढं चालवून पाचशेवर थांबवायचं. दोन, मीटर शून्य करून चारशेचं टाकायचं. घोटाळा या दोन्हींच्या मधे होतो: "राहिलेलं चारशेचं टाकतो" म्हणून तो सुरू करतो, शून्य करत नाही, आणि मीटर शंभरवरून चारशेवर जाऊन थांबतं. टाकीत गेलं चारशेचं, तुम्ही दिले पाचशे. नेमक्या त्याच वेळी दुसरा कोणी तुम्हाला "कार्ड की कॅश?" विचारतो आणि मान तिकडं वळते.

त्यामुळं मधे थांबलं की पैशाचं बोलणंही थांबवा. "थांबा दादा. आहे तिथून पुढं पाचशेपर्यंत न्या" किंवा "झीरो करा, मग चारशेचं टाका", यातलं एक स्पष्ट सांगा आणि मीटरवरून नजर हलवू नका. आरोप करायची गरज पडत नाही. चूक खरी असेल तर तो "सॉरी" म्हणून करून देतो, खोटी असेल तरीही करून देतो.

तपासा: शेवटी थांबलेला रुपयांचा आकडा तुम्ही सांगितलेला आहे का? नोझल बाहेर यायच्या आत.

टप्पा ५: भरत असताना

इथं ग्राहकानं काहीच करायचं नसतं, आणि तेच अनेकांना जमत नाही. फोन काढू नका, गाडी हलवू नका, "अजून जातंय बघा" म्हणून टाकीत डोकावू नका. फुल टाकीला नोझल आपोआप बंद झालं की तिथंच थांबा. आकडा गोल करायला वरून थेंब-थेंब ओतायला लावलं की पेट्रोल टाकीवर सांडतं.

कामगारानं या वेळात इंजिन ऑइल किंवा इंधनात टाकायचं बाटलीतलं औषध विकायला सुरुवात करू नये. ग्राहकाची नजर मीटरवर असते तेव्हा त्याला बोलण्यात गुंतवलं की प्रामाणिक माणसावरही संशय येतो. काच पुसून हवी का, हे विचारायलाही नोझल हुकावर गेल्यावर वेळ असतो.

चुकीचं इंधन पडतंय असं दिसलं तर मात्र लगेच ओरडा. नंतर इंजिन चालू करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या, मॅनेजरला बोलवा, मेकॅनिक येईपर्यंत थांबा. टप्पा ३ मध्ये कोण काय म्हणालं हे इथं ठरवावं लागतं, म्हणून तिथं मोठ्यानं बोलायचं.

टप्पा ६: पैसे

रोख आणि मोबाइल, दोन्हींत नडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

रोख देताना नोट उलगडून द्या आणि तोंडानं म्हणा, "पाचशे घ्या, दोनशे झाले." घेणाऱ्यानं ती नोट बॅगेत घालायच्या आत आकडा परत म्हणावा आणि मोड देईपर्यंत ती हातातच ठेवावी. नोट बॅगेत गेली की पाचशेची होती की दोनशेची, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. मोड हातात पडल्यावर तिथंच मोजा. गाडीवर बसून, किक मारून, चार गाड्या पुढं गेल्यावर परत येऊन "वीस कमी दिलेत" म्हटलं तर त्यानं काय करायचं? बऱ्याच पंपांवर पाळी संपताना हिशोबात आलेली तूट त्याच्याच पगारातून जाते. हे लक्षात ठेवलं तर त्याच्याकडून चुकून जास्त आलेले पन्नास रुपये आपसूक परत जातात.

फाटकी, चिकटपट्टी लावलेली नोट पंपावर खपवायचा प्रयत्न करू नका. ती बँकेत बदलून मिळते, कुठल्याही बँकेच्या शाखेत. नाण्यांबद्दल उलटं. १० रुपयांचं नाणं "चालत नाही" म्हणून नाकारणं चुकीचं आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१८ साली स्पष्ट केलंय की १० रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने निघालेत आणि ते सगळे चलनात आहेत. रुपयाच्या चिन्हाचं आणि बिनचिन्हाचं, दोन्ही चालतं. तरी ग्राहकानं हौसेनं पाचशेचं बिल सुट्ट्या नाण्यांत द्यायला रांगेतली वेळ निवडू नये. कायद्यानं हजार रुपयांपर्यंत नाणी देता येतात हे खरं, पण मोजायला लागणारा वेळ मागच्यांचा असतो.

दोन-तीन रुपयांच्या मोडीऐवजी चॉकलेट ठेवायची पद्धत पंपवाल्यांनी सोडावी. ग्राहक "राहू द्या" म्हणाला तर त्याची मर्जी. आपण होऊन ठेवून घ्यायचे नाहीत. सुट्टे नसतील तर भरायच्या आधी सांगा, म्हणजे तो दीडशेऐवजी दोनशेचं भरेल.

आता मोबाइल. मशीनपासून थोडं बाजूला, पंपवाले दाखवतील तिथं जाऊन फोन काढा. कोड स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते पंपाचं आहे का बघा आणि मोठ्यानं वाचा. कोडावर दुसरा कोड चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार घडलेत, आणि कामगाराचा स्वतःचा नंबर दिला गेला तर पावतीचा घोळ वेगळाच. रक्कम टाकली की ती बटण दाबायच्या आधी त्याला दाखवा. पैसे आल्याचं बोलून सांगणारा बॉक्स बोलला, "आले" असं कामगारानं म्हटलं, तुम्ही निघालात.

बॉक्स नाही बोलला तर? हा आताच्या काळातला सगळ्यात मोठा भांडणाचा विषय. क्रम असा ठेवा:

१. लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. फोनवर 'यशस्वी', 'प्रलंबित' की 'अयशस्वी' लिहिलंय ते बघा.

२. 'यशस्वी' असेल तर व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक उघडून कामगाराला दाखवा, आणि मॅनेजरला त्यांच्या अ‍ॅपमध्ये तो बघायला सांगा. फोन हातातून सोडायची गरज नाही. कामगारानंही तो हिसकावू नये, क्रमांकाचा फोटो घ्यावा.

३. 'प्रलंबित' असेल तर बाजूला थांबा, रांग सोडा. दोन-चार मिनिटांत बहुधा निकाल लागतो.

४. खात्यातून पैसे गेले आणि पंपाला आलेच नाहीत, असं झालं तर रोख द्या. अवघड वाटतं, पण इंधन तुमच्या टाकीत आहे आणि पंपाच्या हाती काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला न पोचलेला असा व्यवहार ५ दिवसांत तुमच्या खात्यात आपोआप परत यायला हवा. उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची. म्हणजे तुमचा दावा बँकेवर आहे, पंपावर नाही.

५. रोख देताना बिलाच्या मागं व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि "रोख मिळाले, नंतर ऑनलाइन आले तर परत" एवढं मॅनेजरकडून लिहून घ्या, सहीसकट. यानं दोघांचीही रात्रीची झोप शाबूत राहते.

सावध: "पैसे आले नाहीत" आणि "तुम्ही पैसे दिले नाहीत" या दोन वाक्यांत फार फरक आहे. कामगारानं पहिलंच म्हणावं. दुसरं म्हटलं की समोरच्याला चोर ठरवल्यासारखं होतं, आणि मग तो बायकापोरांसमोर माघार घेत नाही.

कार्डानं देणाऱ्यांनी पिन स्वतः टाकावा, सांगू नये. कामगारानं मशीन हातात देऊन तोंड फिरवावं. बिल हवं असेल तर पैसे देतानाच मागा आणि गाडीचा नंबर सांगा. ट्रकवाल्यांना आणि कंपनीच्या गाड्यांना ते लागतंच. जास्त रकमेचं बिल मागून कोणाला अडचणीत आणू नका. तसलं बिल देणाऱ्यानंही देऊ नये.

टप्पा ७: बाजूला होणं, हवा, पाणी

पैसे झाले की गाडी पुढं घ्या. झाकण लावणं, हेल्मेट घालणं, पाकीट आत ठेवणं हे सगळं दहा पावलं पुढं जाऊन. हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह पंपावर मोफत असतं. इंधन न भरताही मागता येतं. हवा भरणाऱ्याला पाच-दहा रुपये देणं तुमच्या खुशीवर आहे, त्यानं हात पसरून उभं राहायचं नाही आणि तुम्ही "फुकट असतंय की" असं त्याला सुनवायचं नाही. पुढच्या-मागच्या चाकात किती हवी ते आकड्यात सांगा, "बघून टाका" म्हणू नका.

सौंदत्तीच्या यात्रेच्या दिवसांत यल्लम्माला जाणाऱ्या गाड्या भरून येतात आणि स्वच्छतागृहावर ताण पडतो. पाणी ओतून बाहेर या, आणि कुलूप दिसलं तर किल्ली मागा. "बंद आहे" म्हणून परत फिरवणं पंपवाल्यांना शोभत नाही, विशेषतः बायकांना.

टप्पा ८: माप कमी वाटलं तर

नोझलवाल्याशी भांडू नका. त्याच्या हातात ना मशीनचं सील असतं ना निर्णय. गाडी बाजूला लावून मॅनेजरकडं जा आणि ५ लिटरचं माप मागा. वैधमापन खात्याचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेलं हे माप पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. तुम्ही भरलं त्याच नोझलमधून ५ लिटर भरायला सांगा, माप सपाट जागेवर आहे का बघा, आणि रेषेवर नजर समोरून न्या. वरून वाकून बघितलं तर आकडा चुकीचा दिसतो. ५ लिटरमागं २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्यापेक्षा कमी आलं तर ती तक्रार आहे. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत उडून जायला हवा, डाग राहता कामा नये. नोझलच्या तोंडाशी असलेली धूळ आधी पुसून घ्या, तिचाही डाग पडतो.

मागताना शब्द साधे ठेवा: "मॅनेजरसाहेब, मला माप कमी वाटतंय, पाच लिटरचं माप लावून बघूया." रांगेकडं तोंड करून "हे सगळे चोर आहेत" असं ओरडलात, तर माप बरोबर निघाल्यावर परत तिथं जायची पंचाईत. आणि मॅनेजरनं माप काढायला कुरकुर केली तर समजून घ्या की उभे असलेले सगळे आता त्याच्याकडंच बघतायत. माप बरोबर निघालं तर "बघून घेतलं, बरं झालं" म्हणा आणि निघा.

फरक निघाला, किंवा मापच द्यायला नकार दिला, तर तक्रारवही मागा. ती पंपावर असावीच लागते. त्यात तारीख, वेळ, मशीनचा आणि नोझलचा क्रमांक, बिलाचा क्रमांक, मापात किती कमी आलं, एवढं लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. कामगाराच्या वागण्याबद्दल असेल तर तो काय म्हणाला तेवढंच लिहा, तो कसा माणूस आहे ते नको. पानाचा फोटो काढा. मग तेल कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवा. नंबर पंपावर फलकावर असतो. मापाची तक्रार कर्नाटकच्या वैधमापन खात्याकडं जाते, गाडी महाराष्ट्राची असली तरी, कारण पंप इथला आहे. हद्दीच्या अलीकडं बाचीपर्यंत भरलं तर इकडं, पलीकडं शिनोळीत भरलं तर महाराष्ट्राकडं. कुठं जायचं हे कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथं मराठीत आणि कन्नडातही बोलता येतं. बिल हातात ठेवूनच नंबर फिरवा, पहिलाच प्रश्न त्यावरचा असतो.